बर्टोल्फची कबुली

"फादर, पाप सांगितलंच नाही, तर क्षमा कशाची करायची?"

रेनियर मठाच्या परसात उभा होता. कबुली ऐकताना गळ्यात घालायचा पट्टा त्याने मुठीत चुरगळला होता.

मठाधिपती गोझेलिन वाफ्यातलं तण काढत होते. त्यांनी मान वर केली.

"बर्टोल्फ बोललाच नाही?"

"बोलला की! घटकाभर बोलला. वाटाणे, वाटाणे, वाटाणे."

बर्टोल्फ हा मठाचा म्हातारा आचारी. हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि सगळी भाषा गेली. एक शब्द तेवढा उरला. तहान लागली की वाटाणे, कुणी ऊब दिली की वाटाणे. प्रार्थनेतही तेच. भर स्तोत्रात ते वाटाणे ऐकून गायनप्रमुख रेनियरचं डोकं फिरलं आणि त्याने म्हाताऱ्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून बर्टोल्फ रोज प्रार्थनेच्या वेळी बाहेर गार पायरीवर बसायचा. तिथेच त्याला थंडी बाधली. आता वैद्याने हात टेकले होते, आणि शेवटची कबुली ऐकायला गोझेलिननी नेमकं रेनियरला पाठवलं होतं.

"हातांनी काही खुणा?"

"हात हलत नाहीत. रडत होता, एवढं खरं. पण रडणं म्हणजे कबुली नव्हे, फादर. पापाचं नाव घ्यावं लागतं. नियम आहे."

"आहे."

"मी क्षमा दिली आणि ती खोटी ठरली तर?"

"आणि तो क्षमेवाचून गेला तर?"

रेनियरने मुठीतला पट्टा आणखी आवळला.

"किती वेळ आहे त्याच्याकडे?"

"वैद्य म्हणतात, दुपारसुद्धा कठीण."

गोझेलिननी आणखी एक तण उपटलं.

"तू शहरातून शिकून आलास. पोथी लिहिलीस. काय लिहिलंयस तिच्यात?"

इतक्या काळजीतही रेनियरचा चेहरा खुलला. पोथीचं कुणी विचारलं की त्याला राहवत नसे.

"देव एकच शब्द बोलला, फादर. अनादी काळापासून तोच बोलतो आहे. आकाश, पृथ्वी, तुम्ही, मी, सगळं त्या एका शब्दात आलं. माणसाचं तसं नाही. माणूस हजार शब्द बोलतो आणि सांगायचं ते राहूनच जातं."

"देवाचा तो शब्द तुला कळतो?"

"छे! कुणाला कळेल?"

"तरी आमेन म्हणतोस."

रेनियर गोंधळला. चार वर्षं पंडितांशी वाद घातले, पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"पण फादर... देवाचा शब्द कुठे, आणि वाटाणे कुठे!"

"मलाही ते नीट उमगलेलं नाही," गोझेलिन म्हणाले.

ते उठले. रेनियरच्या मुठीतला पट्टा सोडवून त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातला.

"गुडघे टेक. तुझं पाप सांग."

"आत्ता? तिकडे बर्टोल्फ..."

"आत्ताच. आणि एकाच शब्दात."

रेनियरने गुडघे टेकले. समोर प्रार्थनामंदिराची पायरी दिसत होती.

"गर्व..." त्याने मान हलवली. "नाही. क्रोध... नाही, तेही नाही. फादर, मी त्याला..."

"एक शब्द."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतके शब्द पाठ होते, पण एकही पुरा पडेना. त्याला भयंकर लाज वाटली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

गोझेलिननी मातीचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. पापक्षमेची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. क्रुसाची खूण केली.

रेनियर दचकला.

"हे कसं चालेल, फादर? मी तर काहीच बोललो नाही..."

गोझेलिननी पट्टा काढला आणि त्याच्या गळ्यात घातला.

"त्याने निदान एक शब्द तरी सांगितलाय. पळ."