दरवाजावरचा मासा तळ्यात

"दसऱ्याला तळ्यातला सर्वांत मोठा मासा माझ्या दरवाजावर हवा, आणि त्याच संध्याकाळी तो तळ्यात पोहतानाही दिसला पाहिजे! जमत नसेल तर भोईवाड्याने जाळी गुंडाळावीत आणि राज्याबाहेर चालू लागावं!" राजा रणधवल गरजला.

तिथली रीतच तशी होती. मोठा मासा धरणाऱ्याला शेला मिळे आणि माशाचं डोकं राजवाड्याच्या दरवाजावर ठोकलं जाई. शेल्यापायी सरदारांपासून धोब्यापर्यंत सगळे गळ टाकून बसत. दरवाजा भरला आणि तळं जवळजवळ ओस पडलं. यंदा खुद्द राजाच्या गळाला बोटाएवढी मासळी लागली. तीही मांजराने नेली. दरवाजाही सजावा आणि तळंही ओस राहू नये, म्हणून हा हुकूम भोईवाड्यावर सुटला.

भोईवाड्याचा म्होरक्या चांगो घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची मुलगी राही म्हणाली, "रडताय कशापायी, बाबा? मी बघते."

दसऱ्याला तिने दरवाजावर दीड हात लांबीचा रंगवलेला मासा टांगला.

"हा तर लाकडाचा!" राजा ओरडला.

"व्हय जी. खरा तळ्यात हाय. कोतवालसायबांनी धरला, मापून, खुणेचा लाल दोरा बांधून सोडून दिला. सुतारानं त्येवढाच घडवला. शेला कोतवालसायबांचा."

"सोडला का?"

"मादी हाय, महाराज. पावसाळ्यात अंडी तीच घालती. दरवर्षी आईलाच दरवाजावर ठोकलं, तर तळ्यात पोरं यायची कुठनं?"

संध्याकाळी राहीने घाटावरून कणकेचे गोळे टाकले. पाठीच्या पराला लाल दोरा बांधलेली भलीमोठी मादी वर आली, गोळा गिळून निघून गेली. राजाला नाही म्हणायला जागा उरली नाही, पण तो राजा होता.

"आणि उद्या कुणी चार हात लांब लाकडी मासा आणून शेला मागितला तर? गळवाले खोटं बोलतात. मीसुद्धा बोलतो!"

"धरणारानं मापायचंच न्हाई, महाराज. शेजारी गळ टाकून बसलेल्यानं मापायचं. दुसऱ्याचा मासा आजवर कुणी बोटभर तरी वाढवून सांगितलाय का?"

"माझा मासा दोन हात होता!" कोतवाल कळवळून म्हणाला. "सेनापतींनी मापला म्हणून दीड भरला!"

सेनापती आभाळाकडे बघत राहिले.

"बरं," राजा म्हणाला, "आणि मी धरलेला मासा कुणी मापायचा?"

"परधानजी सोडून कुणीबी!"

राजा पोट धरधरून हसला. राजा हसतोय म्हणून प्रधानजीही हसले. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून राहीला दिलं आणि तळं कायमचं भोईवाड्याच्या हवाली केलं.