आधी रेडकाचं

एकदा काय झालं, तेव्हा म्हशी कुणाच्याच नव्हत्या, बरं का. गोठे नव्हते, दावी नव्हती. म्हशी रानातल्या डोहात डुंबायच्या आणि माणूस दिसला की शिंगं रोखायच्या.

त्या रानाच्या कडेला ठमामावशी राहायची. तिची बहीण देवाघरी गेली आणि बहिणीची तान्ही गोदी मावशीच्या पदरात आली. पण दूध कुठलं आणायचं? भाताची पेज दिली की पोर ओकून टाकायची. रोज थोडी थोडी सुकत चालली होती. मावशीच्या जिवाला घोर लागला.

एकदा डोहावर पाणी भरताना तिला दिसलं, एक म्हैस रेडकाला पाजत होती. रेडकाच्या तोंडातून फेस ओघळत होता. मावशी बघतच राहिली. यातलं ओंजळभर मिळालं तरी माझी पोर जगेल, असं तिला वाटलं.

मग तिचा नवरा दगडूकाका दोर घेऊन गेला. म्हशीनं त्याला दोरासकट चिखलातून फरफटत नेलं. हसताय काय? कितीतरी दिवस बिचाऱ्याला धड बसता येईना. मग मावशी गवताचा भारा घेऊन गेली. म्हशीनं गवत फस्त केलं आणि पाठ फिरवून चालू लागली. मग मावशी नुसतीच गेली, गोदीला कडेवर घेऊन. पोर भुकेनं जी रडायला लागली, ती थांबेचना.

ते रडणं ऐकून म्हैस पाण्याबाहेर आली. तिनं गोदीला हुंगलं आणि काय सांगू, तिला पान्हाच फुटला.

"पिऊ दे तुझ्या पोरीला," म्हैस म्हणाली. "पण आधी माझं रेडकू पिईल. आणि एक सड कायम त्याचा."

हो, तेव्हा म्हशी बोलायच्या. आता सारखा रवंथ चालू असतो, बोलणार कुठून?

मावशीनं कबूल केलं. म्हैस आपणहून तिच्या मागे घरी आली. गोदीनं बाळसं धरलं. पण एकदा घरी पाहुणे आले. दगडूकाकाला खिरीचा मोह पडला. त्यानं रेडकाला बांधून ठेवलं आणि चारही सड पिळून घेतले. रेडकू ओरडून दमलं. म्हशीनं शिंगानं त्याचा दोर तोडला आणि रेडकाला घेऊन सरळ रानात निघून गेली.

आता घरात उरलं होतं ते गोदीसाठी ठेवलेलं लोटाभर दूध. मावशीनं काय करावं? तो लोटा उचलला, गोदीला कडेवर घेतलं आणि डोह गाठला. म्हशीची कास पिळून कोरडी पडली होती, रेडकू काठावर मलूल पडलं होतं. मावशी चिखलात बसली. दुधात बोटं बुडवून रेडकाच्या तोंडात देऊ लागली. कडेवरची गोदी लोट्याकडे हात करून रडत होती. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं आधी रेडकाला पाजलं. लोटा रिकामा झाला.

म्हैस बघत होती. मग ती हळूच आली आणि मावशीचा दुधानं माखलेला हात चाटू लागली. तिला पुन्हा पान्हा फुटला.

"पोरीला घे पुढे," ती म्हणाली. "भुकेली आहे ती."

मग सगळी मिळून घरी आली. दगडूकाकानं म्हशीपुढे कान धरले. तेव्हापासून धार काढायच्या आधी रेडकू सोडतात. गोदी गुटगुटीत झाली, रेडकू दांडगं झालं, सगळी सुखात राहिली.

म्हैस निजली, रेडकू निजलं, गोदी तर केव्हाच निजली. आता तुम्हीही डोळे मिटा पाहू.