समुद्रातल्या बागेचा पैसा

समुद्राला अगदी खेटून कोळ्यांचं एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावात आवडाबाई नावाची एक मासे विकणारी बाई होती. तिची ख्याती अशी, की कालचा मासा ती "कालचा आहे हो" असं सांगूनच विकायची. बाकीच्या बायका तिला हसायच्या. पण गिऱ्हाईक आधी तिच्याच पाटीपाशी थांबायचं.

गावासमोर, किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली पोवळ्यांची बाग होती. पिवळी, जांभळी, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या फुटलेली. माशांची पिल्लं तिथेच लहानाची मोठी व्हायची आणि मोठी झाली की गावाच्या जाळ्यात यायची. गावाची चूल त्या बागेवरच पेटायची म्हणा ना.

बागेची कीर्ती पार घाटावर पोचली. लांबलांबून माणसं बघायला येऊ लागली. होडीवाले त्यांना घेऊन जायचे आणि होडी हलू नये म्हणून नांगर टाकायचे. कुठे? तर बागेतच! दर खेपेला एखादी फांदी मोडायची. वर होडीत गप्पा रंगलेल्या, कोणाला कळणार?

कळलं ते गावातल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. उभा जन्म त्यांनी पाण्यावर काढलेला. ते गावाच्या बैठकीत म्हणाले, "बाबांनो, बाग आपल्याच नांगरांनी मोडतेय. बागेबाहेरच्या वाळूत जड दगड सोडू. दगडाला दोर, दोराला तरंगतं पिंप. होड्या पिंपांना बांधायच्या, नांगर टाकायचाच नाही."

"दगड काय फुकट येतात, तांडेल?" एकाने विचारलं.

"बघायला येणाऱ्याकडून माणशी एक नाणं घेऊ."

सगळ्यांना पटलं. नाणी गोळा करायला कोणी बसायचं, यावर तर वादच झाला नाही. आवडाबाई किनाऱ्यावर घडा घेऊन बसली. येईल त्याला ती सांगायची, "हा पैसा बागेसाठी हो. बाग राखायला." माणसं खुशीने द्यायची.

मोसम संपता संपता घडा भरला. पुन्हा बैठक बसली. गावचे पाटील म्हणाले, "शेजारच्या गावाने वेशीवर कमान बांधली. आपले पाहुणे मात्र गुरांच्या वाटेने येतात. आपणही बांधू, चांगली घडीव दगडांची. पाहुणे वाढतील, पैसा वाढेल. समुद्रातलं काम पुढच्या वर्षी करू."

"पुढच्या वर्षापर्यंत दम धर, असं बागेला कोण सांगणार?" तांडेल म्हणाले.

लोक हसले. मग सगळ्यांचे डोळे आवडाबाईकडे वळले. घडा तिच्या मांडीवर होता. 'हे बागेचे पैसे आहेत' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण समोर एवढी मोठी माणसं, त्यात कमान बांधणारा गवंडी तिचा सख्खा दीर. ती बोलली नाही. तिने घडा पुढे सरकवला.

कमान झकास झाली. वरच्या दगडावर पाटलांचं नाव कोरलं. पाहुणे दुप्पट आले, होड्या दुप्पट झाल्या आणि नांगरही दुप्पट पडले. आवडाबाई आपली सवयीने म्हणत राहिली, "हा पैसा बागेसाठी हो." येणारं नाणं मात्र कमानीच्या उरलेल्या देण्यात जायचं.

एक दिवस एक म्हातारं जोडपं बाग बघून परत आलं. त्यातल्या आजी थेट आवडाबाईपाशी आल्या.

"गेल्या वर्षीही मी तुझ्याच हातात पैसा दिला होता गं. खाली तर नुसता पांढरा चुरा पडलाय. काय केलंत त्या पैशाचं?"

आजींच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते आवडाबाईला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या जागी बसली, पण घडा पालथा घालून. येईल त्याला म्हणाली, "पैसे देऊ नका. आम्ही बागेसाठी घेतले आणि कमानीला घातले. खाली आता चुरा आहे." हे ऐकून बरीच माणसं माघारी वळली.

होडीवाले चवताळले. "आवडे, आमच्या पोटावर पाय देतेस?"

पाटील तरातरा आले. "गावाची अब्रू घालवलीस तू!"

"अब्रू त्या बैठकीतच गेली, पाटील. मीही तिथेच बसले होते, तोंड मिटून," आवडाबाई म्हणाली. "आणि पोटाचं म्हणता ना रे? मग आज सकाळी कोणाच्या जाळ्यात काय आलं, ते सांगा बघू."

त्या सकाळी सगळ्या गावाच्या जाळ्यांत मिळून शेवाळ आणि चार खेकडे आले होते.

"चुकलं खरं," एक होडीवाला खालमानेने म्हणाला. "पण आता दगड आणायला पैसा कुठे उरलाय?"

"पैसा नाही, पण दगड आहेत," तांडेल म्हणाले, आणि त्यांनी कमानीकडे पाहिलं.

पाटलांचा चेहरा उतरला. ते कमानीखाली जाऊन उभे राहिले आणि वर कोरलेलं आपलं नाव त्यांनी वाचलं. मग म्हणाले, "वरचा दगड आधी काढा. तोच सगळ्यात जड आहे."

चार दिवसांत कमान समुद्राच्या तळाशी गेली. बागेभोवती पिंपं तरंगू लागली. नांगर किनाऱ्यावरच राहू लागले.

पुढच्या मोसमात पहिला पाहुणा आला तो एक कापडाचा व्यापारी. आवडाबाईने घडा पुढे केला.

"खाली बघायला काय काय आहे?" त्याने विचारलं.

"यंदा फार काही नाही, दादा. बोटाच्या पेराएवढे कोंब फुटलेत, तेही मोजकेच."

"अहो, मग पैसे कशाचे घेता?"

"ते कोंब मोठे व्हायचे."

व्यापारी मोठ्याने हसला. त्याने एक नाणं घड्यात टाकलं. होडीकडे चार पावलं गेला, परत फिरला आणि आणखी एक टाकलं.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या नावाने आपण हात पुढे करतो, त्याच्याच पदरात ते पडलं पाहिजे, आणि तिथे चुकलो तर देणाऱ्याला ते आपल्याच तोंडाने सांगितलं पाहिजे.