मंत्रगडाच्या दारावरचे आवाज

एका राज्यात मंत्रगड नावाचं विद्यापीठ होतं. वारा वळवायची, मोडलं हाड फुंकरीने सांधायची विद्या तिथे शिकवत. दरवर्षी राजाची दवंडी फिरे, 'या, सगळे या.' हजारो येत. सात आत जात. सातव्याने आत जाताना मागच्याला 'अपात्र' म्हणायचं, दारावरची साळुंकी तो शब्द रांगभर नेई, आणि ज्याला तो लागे त्याचा आवाज जाई. मुक्या झालेल्या दर माणसामागे गड बोटभर उंच होई आणि राजा मिशीला पीळ भरी. याला ते विद्येचा मान म्हणत.

हाडवैद्याची लेक सुगंधा हिचा थोरला भाऊ भैरू दोन वर्षांपूर्वी असाच मुका होऊन परतला. मोठा गुणी, रानातली झाडझाडोऱ्याची औषधं तोंडपाठ. आता अंगणात बसून खुणा करी. लोक म्हणत, त्याच्यातच काही कमी असेल. हे ऐकून सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्याचा आवाज आणायचाच, असं ठरवून ती गड चढली.

रांगेत तिची पाळी आली. साळुंकी बोलली आणि सुगंधा थिजली. तो आवाज भैरूचा होता.

"तीन कामं," साळुंकी म्हणाली. "पहिलं, राळे आणि वरीच्या मिसळलेल्या दाण्यांची ही रास मावळतीच्या आत निवड."

सुगंधाने निवडली.

"दुसरं, सर्पकुंडाचं पाणी कमळाच्या पानावर आण."

कुंड राखणाऱ्या सर्पाचा जबडा निखळला होता. तिने तो बसवला. सर्पाने वाट दिली. ती पाणी घेऊन परतली, तेव्हा प्रधानाचा मुलगा मेण्यातून येत होता. त्याची रास भाड्याच्या वेताळाने निवडली होती. साळुंकीने मान लववून त्याला आत सोडलं.

तिसऱ्या कामासाठी सुगंधाला आत नेलं. वाटेत तीनशे दालनं लागली. चटया अंथरलेल्या, पोथ्या मांडलेल्या, आणि बसायला माणूस नाही. तिला आधी खरंच वाटेना.

फिरवून तिला परत दाराच्या उंबऱ्यावर आणलं. तिथे कुलगुरू चंडकेतू म्हणाले, "तू सातवी. हे तिसरं काम. आता मागे वळ. मागचीला अपात्र म्हण."

मागे एक गुराखीण होती, अनवाणी, टाचा फुटलेली. तिच्यामागे रांग गड उतरून रानात गेली होती.

"तीनशे दालनं रिकामी आहेत, आचार्य."

"सगळे आत आले, तर आत येण्याला मोल काय?"

"मग हिच्यात कमी काय आहे?"

"ते आम्ही पाहिलेलं नाही."

दोन वर्षं भैरू स्वतःतली खोट शोधत होता. आणि यांनी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं! "नाही म्हणणार," सुगंधा संतापून म्हणाली.

"रीत मोडलीस, तर तुझा आवाज जाईल," चंडकेतू म्हणाले.

"जाऊ दे." ती गुराखिणीकडे वळली. "पात्र."

तिचा आवाज गेला. गड बोटभर खचला. गुराखिणीने कुलगुरूंकडे एकदा पाहिलं, मागे वळून "पात्र" म्हटलं, आणि तिचाही आवाज गेला. मग तिच्या मागच्या कुंभाराने म्हटलं, मग त्याच्या मागच्याने. एकजणही चुकला नाही. गड खचत राहिला.

रांगेच्या शेवटी एक सुईण होती. तिच्या मागे कोणीच नव्हतं. तिने कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाली, "आजवर इथून परत धाडले, ते सगळे पात्र."

साळुंकीच्या कंठातले आवाज मोकळे झाले आणि ज्याच्या त्याच्याकडे गेले. सुगंधाला आणि रांगेतल्या सगळ्यांनाही आपापले आवाज परत मिळाले. गड टेकडीएवढा उरला. राजाला तो आता गच्चीवरून दिसेना. तीनशे दालनं भरली. प्रत्येकात शिकवता शिकवता चंडकेतूंचा घसा बसू लागला. प्रधानाच्या मुलाला रास निवडायला बसवलं. तो अजून निवडतोच आहे.

आठवड्याने भैरू आला. साळुंकीने स्वतःच्या बारीक आवाजात विचारलं, "काय शिकायचं आहे?"

भैरू सांगू लागला. दोन वर्षांचं साठलेलं सगळं सांगत राहिला, आणि कोणी त्याला अडवलं नाही. ज्यांचं सांगायचं राहिलं आहे, त्यांनाही असं ऐकणारं दार भेटो.