समुद्रानं काढलेला नकाशा

सात वर्षं खंबायतला नकाशे काढायला शिकून मथू कोळीण घरी परतली. तिला वाटलं होतं, बंदरावर कोळंबीचे ढीग लागलेले असतील. पाहते तर टोपल्या पालथ्या आणि तिचे वडील, आबा, रिकाम्या होडीत बसलेले!

"आबा, मासळी कुठं गेली?"

"राजांच्या जाळ्याला विचार, बाय!"

राजे रायाजीरावांनी नवं जाळं काढलं होतं. दोन गलबतं ते भलंमोठं, जड जाळं समुद्राच्या तळावरून खरवडत न्यायची. मथू तडक दरबारात गेली.

"महाराज, तुमचं जाळं मासळीची घरं मोडतंय!"

"तळाला घरं? तू पाहिलीस?" राजे गुरगुरले. "मग नकाशा आण! बुडी मारायची नाही आणि शाईचा थेंबही वापरायचा नाही. शाईनं कुणीही खोटं काढतो. नकाशा समुद्रानंच काढलेला हवा! आठ दिवसांत आणलास तर जाळं बंद, नाहीतर तुझ्या बापाची होडी जप्त!"

आठव्या दिवशी मथूनं दरबारात एक जुनं शिड पसरलं. त्यावर मेणाच्या शेकडो चकत्या टाचलेल्या होत्या.

"शिशाच्या ओळंब्याला बुडाशी मेण लावलं आणि दोरीनं तळाला टेकवलं. जे चिकटलं ते समुद्रानं काढलं! किनाऱ्यावरचा देवळाचा कळस आणि माड बघून प्रत्येक चकतीची जागा धरली."

कुठल्या चकतीवर शिंपले, कुठं शेवाळ, कुठं किड्यांच्या नाजूक नळ्या. मध्येच मात्र नुसता गुळगुळीत चिखल.

"हॅ! तिथं पहिल्यापासून चिखलच असेल!"

"असेल की! पण हा चिखल पट्ट्यानं धावतो, महाराज. बरोब्बर तुमच्या जाळ्याएवढा रुंद! आणि इथं बघा, कसा गर्रकन वळतो!"

"तिथं काय आहे?"

"समोर तुमची गच्ची! रोज तुम्ही तिथून रुमाल हलवता आणि गलबतं वळतात. पण चिखलाला कुणी रुमाल दाखवला?"

राजांनी शिडाकडे पाहिलं, हातातल्या रुमालाकडे पाहिलं आणि ते पगडी घसरेपर्यंत हसले!

"काढा रे ते जाळं बाहेर! पोरी, दरबारात नकाशेकाराची गादी तुझी. विचार करून उद्या सकाळी सांग."

सकाळी मथू दारात हजर.

"गादी नको, महाराज. गादीवरून तळ दिसत नाही! लांब दोरी आणि मणभर मेण द्या. खाडीपलीकडचा समुद्र अजून बाकी आहे आणि आबांची होडी ओहोटीबरोबर निघतेय!"

राजे पुन्हा खदखदून हसले आणि मेण दोन मण दिलं.