गरासकट वाळवलेली कॉफी

चिखलदऱ्याला नानासाहेब खोडक्यांच्या कॉफीच्या मळ्यात एक नियम कडक होता. फळं तोडली की गर काढायचा, बिया खळखळून धुवायच्या आणि मगच उन्हात टाकायच्या. यंदा मालक परगावी असताना पाण्याचा पाट फुटला, म्हणून मळ्यावरच्या सुमरतीने फळं गरासकटच वाळवली. मालक परतले, त्या बियांची कॉफी घोटभर प्यायले आणि कप आपटला.

"सुमरते, यात गूळ घातलास! माझ्या कॉफीला असली गोड चव कधीच नव्हती. उद्यापासून मळ्यात पाय ठेवू नकोस."

सुमरतीच्या घरची चूल याच कामावर पेटत होती. तरी तिने एक वाळलेलं फळ मालकांच्या हातावर ठेवलं. "हे चावून बघा जी."

मालकांनी चावलं. अगदी मनुका!

"हा गूळ झाडानं घातला जी. गरात वाळली की बी ती गोडी पिते. दरवर्षी आपण ती धुऊन ओढ्यात सोडतो. तुमच्या कॉफीची खरी चव आजवर खेकड्यांनाच ठाऊक!"

मालक खो खो हसले आणि कप पुढे केला. "ओत आणखी. यंदा खेकडे उपाशी राहू देत."