जाळीवरची माळ

गाड्यांचे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एक जुनी मोटार घाट चढताना तापायची. आता पुन्हा तापली, तर ती भंगारात जाणार होती.

“पंपा, तू म्हातारा झालास,” पंखा म्हणाला.

“अन् तू नुसताच गरगरतोस!” पंप फणकारला.

चढणीवर तापू लागलेलं इंजिन कळवळून म्हणालं, “पाणी आहे, पंखा फिरतोय. मग वारा अडवतंय कोण?”

सगळ्यांनी पुढे पाहिलं. पुढच्या जाळीवर झेंडूची जाडजूड, वाळकी माळ होती. थोरल्या मालकाने शेवटच्या दसऱ्याला बांधलेली. तो गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

“वेड्यांनो,” माळ म्हणाली, “गाडी सुखरूप चालावी म्हणूनच ना त्यानं मला बांधलं?” आणि तिनं आपली गाठ सोडली. वाळकी फुलं वाटभर विखुरत गेली.

वारा आत शिरला. इंजिन निवलं.

पुढच्या दसऱ्याला घाटाच्या वळणावळणावर झेंडू फुलला होता.